कॅमेरा परत आला, सोर्स आला का?

गॅमा रेडिओग्राफी म्हणजे गॅमा किरणांनी वेल्डची फिल्म काढणं. तिचा सोर्स, म्हणजे किरण देणारा किरणोत्सारी तुकडा, हरवला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आधी चोर येतो. चोऱ्याही झाल्या आहेत, नाही असं नाही. पण ज्या अपघातांत माणसं दगावली किंवा हातपाय गमावून बसली, त्यांतल्या बऱ्याच अपघातांचे तपशील पाहिले तर चोर कुठेच दिसत नाही. दिसते ती रोजची टीम. क्रँक फिरवून केबल आत घेतली, गाईड ट्यूब सोडवली, कॅमेरा (सोर्स ठेवायचा डबा) उचलला आणि मंडळी पुढच्या जोडाकडे गेली. सोर्स मागेच राहिला. त्या अर्ध्या मिनिटात कुणी किरण मोजणारं सर्व्हे मीटर हातात घेतलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं.

साइटवर काम करणाऱ्यांनी, त्यांना काम देणाऱ्या कंत्राटदारांनी आणि जुनी मशिनरी विकणाऱ्या-घेणाऱ्यांनी हे समजून घ्यायला हवं. म्हणून जरा खोलात जाऊन लिहितो.

पाइपलाइन, बॉयलर, प्रेशर व्हेसल यांचे वेल्ड तपासायला सर्वसाधारणपणे इरिडियम-१९२ वापरतात. कॅमेरा म्हणजे वीस-पंचवीस किलोचा डबा. आत किरण अडवायला डिप्लिटेड युरेनियमचा ठोकळा आणि त्यातून जाणारी 'एस' आकाराची नळी. किरण सरळ रेषेत जातात, त्यांना थेट बाहेर पडायला वाट मिळू नये म्हणून नळी वळवलेली असते. नळीच्या मध्यावर पिगटेल बसते: साधारण वीतभर लवचीक तार, एका टोकाला वेल्ड करून बंद केलेली स्टेनलेस स्टीलची कॅप्सूल, दुसऱ्या टोकाला कनेक्टर. इरिडियमच्या दोन-तीन मिलिमीटर व्यासाच्या चकत्या कॅप्सूलमध्ये असतात. मागून ड्राइव्ह केबल कनेक्टरला जोडायची, पुढे गाईड ट्यूब लावायची आणि क्रँक फिरवायचा. सोर्स ट्यूबमधून वेल्डपर्यंत जातो. उलटा फिरवला की परत येतो, निदान यायला हवा.

सगळी गोम इथे आहे. ढकलायला जोड लागत नाही, ओढायला लागतो. कनेक्टर नीट बसलेला नसला तरी केबल पिगटेलला मागून रेटते आणि सोर्स ट्यूबच्या टोकापर्यंत बिनबोभाट जातो. फिल्मही चांगली येते. परत येताना मात्र केबल एकटीच येते. हाताला वेगळं काही जाणवत नाही, क्रँकच्या फेऱ्यांचा हिशेबही जुळतो. नव्या धाटणीच्या कॅमेऱ्यांत केबल नीट जोडल्याशिवाय सोर्स बाहेर सुटत नाही आणि पिगटेल पूर्ण आत आल्याशिवाय लॉक बसत नाही. ही सोय फार मोलाची आहे. पण लॉकमध्ये वाळू-सिमेंट गेलं, स्प्रिंग गंजली, कनेक्टर झिजला की तिचा भरवसा संपतो. म्हणून कनेक्टरची झीज गो/नो-गो गेजने (बसतं की नाही एवढंच दाखवणाऱ्या मापाने) तपासायची, केबलचं टोक रॉकेलने किंवा सॉल्व्हंटने धुऊन पुसून कोरडं करायचं, आणि हे काम सुरू करण्याआधी करायचं. जोडल्यावर केबल हलकेच मागे ओढून पाहायची. या सगळ्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

जोड न सुटताही सोर्स अडकतो. शेजारी ठेवलेला पाइप गडगडत येऊन गाईड ट्यूब चेपली जाते. किंवा जागा अपुरी म्हणून ट्यूब फार आवळून वळवलेली असते. अर्ध्या मीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण दिलं की केबल घासते, अडते, आणि मग कुणीतरी जोर लावतं. अडलेल्या केबलवर जोर लावणं ही या कामातली सर्वांत महाग पडणारी चूक. अडकलेला सोर्स निदान कॅमेऱ्याला जोडलेला असतो. जोर लावून तार तुटली की तोही आधार जातो.

आता आकडे. क्युरी आणि बेकरेल ही सोर्सच्या किरणोत्साराची एककं, सीव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या डोसचं. ५० क्युरीचा इरिडियम सोर्स, म्हणजे १.८५ टेराबेकरेल, उघडा पडला तर एक मीटरवर ताशी सुमारे २४० मिलीसीव्हर्ट डोस मिळतो. भारतात किरणोत्सारी कामातल्या माणसाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसीव्हर्टची मर्यादा आहे आणि कुठल्याही एका वर्षात ३०ची. म्हणजे एक मीटरवर पाच मिनिटं उभं राहिलं की वर्षाचा कोटा संपला. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाई होतो: दहा मीटरवर ताशी २.४ मिलीसीव्हर्ट, शंभर मीटरवर २४ मायक्रोसीव्हर्ट. हेच गणित उलट्या बाजूने जीवघेणं ठरतं. एक सेंटिमीटरवर, म्हणजे चिमटीत धरल्यावर किंवा खिशात ठेवल्यावर, दर सेकंदाला अंदाजे ०.६७ सीव्हर्ट. त्वचा लाल व्हायला तीन-एक सीव्हर्ट पुरतात, म्हणजे पाच सेकंद. पंचविसाच्या पुढे मांस मरतं, त्याला पाऊण मिनिटही लागत नाही.

त्या क्षणी माणसाला काहीच कळत नाही. चटका नाही, वास नाही, मुंग्या नाहीत. काही तासांनी थोडी लाली येते, ती जातेही, मग काही दिवस शांत जातात आणि नंतर फोड येऊन जखम उघडते. तोवर तो माणूस घरी गेलेला असतो, डॉक्टरकडे भाजल्याची किंवा किडा चावल्याची तक्रार घेऊन बसलेला असतो. रेडिओग्राफीच्या साइटवरून आलेल्या कुणाच्या मांडीवर, नितंबावर, छातीवर किंवा बोटांवर कारण न सापडणारी भाजल्यासारखी जखम दिसली, तर डॉक्टरांनी किरणोत्साराचा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करू. 'जुना सोर्स आहे, उतरलाय आता' असं साइटवर सर्रास म्हणतात. इरिडियमचं अर्धायुष्य ७४ दिवसांचं. वर्षभराने ५० क्युरीचे साधारण दीड क्युरी उरतात. फिल्म काढायला तो निरुपयोगी होतो हे खरं. पण एक सेंटिमीटरवर त्याचा डोस मिनिटाला अजूनही एक सीव्हर्टच्या वर असतो. खिशात तासभर राहिला तर पाय जायला तेवढं पुष्कळ आहे.

मीटरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण 'मीटर वापरा' हे सगळेच सांगतात, कसं ते कुणी सांगत नाही. काम सुरू करण्याआधी बॅटरी तपासा आणि मग मीटर कॅमेऱ्याच्या पृष्ठभागाला लावून आकडा लिहून ठेवा. कायद्याने पृष्ठभागावर ताशी २ मिलीसीव्हर्टच्या आणि एक मीटरवर २० मायक्रोसीव्हर्टच्या आत असायला हवं. आकडा लिहून ठेवायचा तो एवढ्यासाठी, की डिप्लिटेड युरेनियम स्वतःही किंचित किरणोत्सारी असतं. रिकामा कॅमेराही मीटरवर थोडं काही दाखवतो. 'सुई हलली, म्हणजे सोर्स आत आहे' हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा. सकाळचा आकडा आणि आताचा आकडा जुळला पाहिजे. आकडा खूप कमी आला तर सोर्स दुसरीकडे कुठेतरी आहे.

दुसरी गोष्ट, काही जुनी जीएम (गायगर-म्युलर) ट्यूबची मीटरं फार तीव्र क्षेत्रात गेली की गुदमरतात आणि शून्याकडे येतात. उघड्या सोर्सजवळ शून्य दाखवणारं मीटर पाहून माणूस निर्धास्त पुढे जातो. म्हणून मीटर लांबूनच चालू करायचं आणि आकडा वाढतोय का हे पाहत पाहत जवळ जायचं. आकडा वाढता वाढता अचानक पडला तर जागच्या जागी मागे फिरायचं. प्रत्येक एक्स्पोजरनंतर मागच्या बाजूने कॅमेऱ्यापर्यंत, तिथून गाईड ट्यूबच्या पूर्ण लांबीवरून टोकापर्यंत मीटर न्यायचं, आणि मगच ट्यूबला हात लावायचा. छातीवरचा टीएलडी बॅज या कामाला उपयोगाचा नाही. तो तीन महिन्यांनी लॅबमध्ये वाचला जातो. काय झालं ते तो नंतर सांगतो. त्या क्षणी सावध करायला बीप करणारा डोसिमीटर लागतो.

पेरूमधल्या यानांगोचा अपघात या संदर्भात प्रत्येक रेडिओग्राफरला माहीत असायला हवा. २० फेब्रुवारी १९९९. जलविद्युत केंद्राची साइट, ३७ क्युरीचा इरिडियम सोर्स. कॅमेरा लक्ष ठेवायला कुणी नसताना साइटवर पडून होता. दुपारी चारच्या सुमारास एका वेल्डरला एक चकाकती तार सापडली. काय आहे माहीत नव्हतं, त्याने ती पँटच्या मागच्या उजव्या खिशात टाकली आणि काम चालू ठेवलं. सोर्स सुमारे सहा तास त्याच्या अंगावर होता. रात्री रेडिओग्राफी झाली, फिल्म धुतल्या, त्या कोऱ्या निघाल्या, तेव्हा कुठे सोर्स नसल्याचं लक्षात आलं. मध्यरात्र उलटून गेली होती. शोधत शोधत लोक वेल्डरच्या घरी पोचले आणि सोर्स मिळाला. त्याच्या पत्नीलाही इजा झाली होती. त्याचा उजवा पाय पुढे कापावा लागला. म्हणजे रात्रीच्या टीमने रिकाम्या कॅमेऱ्याने काम केलं, आणि सोर्स नाही हे त्यांना सांगितलं ते फिल्मने, मीटरने नव्हे.

मोरोक्कोतल्या मोहम्मदियाची घटना तर याहून भयंकर. १९८४ साली वीजकेंद्राच्या बांधकामावर इरिडियमचा सोर्स केबलपासून सुटून गाईड ट्यूबमध्ये राहिला. ट्यूब कॅमेऱ्यापासून सोडवली, सोर्स जमिनीवर पडला. येणाऱ्या-जाणाऱ्या एकाने तो धातूचा तुकडा घरी नेला. आठ माणसं मेली. डॉक्टरांना आधी विषबाधेचा संशय होता. कॅमेऱ्यावर इशाऱ्याची खूण होती, सोर्सवर काहीच नव्हतं. आपल्याकडेही हे घडलं आहे. १९८२ मध्ये विक्रोळीत वाहतुकीत हलगर्जी झाली आणि हरवलेला सोर्स एका रेल्वे कामगाराच्या हाती लागला. त्याला इजा झाली. पुढच्या वर्षी मुलुंडमध्ये प्रशिक्षण नसलेल्याने कॅमेरा हाताळला. १९८५ मध्ये यमुनानगरला काम चालू असताना वीज गेली, सुरक्षित पद्धत सोडून दिली गेली आणि दोघांच्या हातांना गंभीर इजा झाली.

सोर्स परत आला नाही हे कळलं तर? पहिली मिनिटं महत्त्वाची. क्रँक हलकेच पूर्ण पुढे न्या आणि पुन्हा मागे घ्या, एक-दोनदा, जोर न लावता. नाही आला तर हात थांबवा आणि मागे सरका. धोक्याच्या हद्दीची दोरी (कॉर्डन) लांब न्या. ५० क्युरीच्या उघड्या सोर्सला ताशी १० मायक्रोसीव्हर्टची रेषा साधारण दीडशे मीटरवर येते, म्हणून नेहमीची कॉर्डन पुरत नाही. शेजारच्या शेडमधले, वरच्या मजल्यावरचे, कुंपणापलीकडचे, सगळे बाहेर. एक माणूस रेषेवर मीटर घेऊन उभा करा आणि आरएसओला (किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याला) फोन लावा. घाई करायचं काहीच कारण नाही. ट्यूबमध्ये पडलेला सोर्स तिथेच राहतो, आणि आसपास कुणी नसेल तर तो कुणाचंच काही बिघडवत नाही. अपघात वाढवतो तो 'मी पटकन काढून टाकतो' म्हणत धावणारा माणूस.

सोडवणुकीचं सामान आधीपासून साइटवर असावं लागतं: दीड-दोन मीटरचे चिमटे, शिशाचं आपत्कालीन भांडं, शिशाचे पत्रे आणि शिशाच्या गोळ्यांच्या पिशव्या, तार कापायचा कटर, टॉर्च, आरसा. आधी लांबून सोर्सवर शीट किंवा पिशव्या टाकायच्या. इरिडियमला दर पाच-एक मिलिमीटर शिशाने डोस निम्मा होतो, म्हणजे अडीच सेंटिमीटरने तिसावा हिस्सा राहतो. मग डमी पिगटेल घेऊन दूर जागी तालीम करायची, घड्याळ लावून. दीड मीटरच्या चिमट्याने उघडा सोर्स उचलणाऱ्याला ताशी सुमारे १०७ मिलीसीव्हर्टचा दर पडतो. तीस सेकंदांत काम उरकलं तर डोस एक मिलीसीव्हर्टच्या आत. तालमीत तीन मिनिटं लागत असतील तर पद्धत बदला. कापायची वेळ आली तर तारच कापायची, कॅप्सूलच्या जवळपास ब्लेड जाता कामा नये. कॅप्सूल फुटली की इरिडियम मोकळं होतं आणि मग सगळी जागा धुवत बसावं लागतं. सोर्स भांड्यात गेल्यावरही मीटर फिरवून जागा मोकळी झाल्याची खात्री करायची, आणि नंतर लीक टेस्ट, म्हणजे कॅप्सूलमधून काही गळतंय का याची तपासणी. आणि लपवायचं नाही. सोर्स हरवला किंवा अपघात झाला तर २४ तासांच्या आत अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवणं २००४च्या नियमांनी बंधनकारक आहे. काम थांबेल, बिल अडकेल या भीतीने लपवलेल्या बारा तासांतच तो तुकडा कुणाच्या तरी खिशात जातो.

कॅमेऱ्याचा सोर्स निदान रोज कुणीतरी वापरतं. कारखान्यात किरणांनी पातळी किंवा घनता मोजणाऱ्या गेजचं तसं नसतं. कोळशाच्या चुटवर, सिमेंटच्या हॉपरवर, स्लरीच्या पाइपवर न्यूक्लिऑनिक गेज बसवलेलं असतं. त्यात सीझियम-१३७ किंवा कोबाल्ट-६०. ते पंधरा-वीस वर्षं तिथेच धूळ खात असतं. त्यावरची पाटी रंगाखाली जाते, शटर धुळीने आणि गंजाने जाम होतं, कंपनांनी बोल्ट ढिले होतात. व्हेसलमध्ये माणूस उतरवण्याआधी शटर बंद करून कुलूप लावायचं असतं आणि बंद झालंय हे मीटरने पाहायचं असतं. हँडल फिरलं म्हणजे आतलं शटर फिरलंच असं नाही.

बोल्ट ढिला होण्याची किंमत पश्चिम ऑस्ट्रेलियाने २०२३ मध्ये पाहिली. खाणीवरचं एक गेज १२ जानेवारीला दुरुस्तीसाठी पर्थकडे निघालं, अंतर सुमारे चौदाशे किलोमीटर. २५ तारखेला खोकं उघडलं तेव्हा गेज मोडलेलं होतं, चारपैकी एक बोल्ट गायब, आणि कॅप्सूल नाही. ८ मिलिमीटर लांब, ६ मिलिमीटर व्यासाची, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. बोल्टच्या भोकातून ती खाली पडली होती. आत १९ गीगाबेकरेल सीझियम, म्हणजे एक मीटरवर ताशी दीड मिलीसीव्हर्टच्या वर. १ फेब्रुवारीला न्यूमन गावाच्या दक्षिणेला ७४ किलोमीटरवर, रस्त्याच्या कडेपासून दोन मीटरवर ती सापडली. शोध घेणारी गाडी ताशी ७० किलोमीटरने जात असताना तिच्या डिटेक्टरने ती टिपली. अनुक्रमांक जुळवून खात्री केली. पर्थमध्ये माल पोचला त्या दिवशीच खोक्यावर मीटर धरलं असतं, तर शोध नऊ दिवस आधी सुरू झाला असता.

कारखाना बंद पडला, मशिनरी भंगारात गेली की गेज थेट भट्टीत जाऊ शकतं. वितळल्यावर कुठलं मूलद्रव्य कुठे जातं हे माहीत असलं तर शोध सोपा होतो. कोबाल्ट आणि इरिडियम पोलादातच राहतात. सीझियमची वाफ होते आणि ते भट्टीच्या धुळीत, फिल्टरमध्ये जाऊन बसतं. अमेरिसियम मळीत (स्लॅगमध्ये) जातं. स्पेनमधल्या पोलाद कारखान्यात १९९८ मध्ये सीझियम वितळलं आणि त्याचा माग युरोपातल्या अनेक देशांच्या हवेत लागला. थायलंडच्या प्राचिनबुरी प्रांतात २०२३ मध्ये वीजकेंद्रातलं २५ किलोचं सीझियमचं नळकांडं गायब झालं. ते नाहीसं झाल्याचं २३ फेब्रुवारीला लक्षात आलं, अधिकाऱ्यांना कळवलं १० मार्चला, आणि मग ते पोलाद वितळवणाऱ्या कारखान्याच्या लाल धुळीच्या रूपात सापडलं. कोबाल्टचं उदाहरण आपल्या दारातलं आहे. २००८ मध्ये फ्रान्समधल्या लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० आढळलं. ती बटणं जुळवणाऱ्या वीस-एक कामगारांना १ ते ३ मिलीसीव्हर्ट डोस मिळाला होता. पोलादाचा माग काढत तपास खोपोलीजवळच्या ओतशाळेपर्यंत आला. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाच्या लिलावातून भंगारात गेलेल्या गॅमा सेलमधल्या (प्रयोगशाळेतल्या किरण देणाऱ्या यंत्रातल्या) कोबाल्टने एकाचा जीव घेतला.

भंगार घेणाऱ्याच्या गेटवर पोर्टल मॉनिटर (जाणाऱ्या ट्रकमधले किरण टिपणारं यंत्र) असेल तर ट्रक ताशी पाच-दहा किलोमीटरने जाऊ द्या. वेगात गेला तर छोटा सोर्स निसटतो, आणि शिशाच्या भांड्यात बंद असलेला सोर्स लोखंडाच्या ढिगाखाली असेल तर हळू जाऊनही निसटू शकतो. म्हणून माल उतरवताना, ग्रॅबमध्ये उचलताना पुन्हा मोजणं शहाणपणाचं. अलार्म झाला म्हणजे सोर्सच आहे असं नाही. रिफ्रॅक्टरी विटा, पोटॅशचं खत, तेलविहिरीच्या पाइपांत साचलेला थर, नुकतीच आयसोटोपची तपासणी करून आलेला ड्रायव्हर, यांनीही अलार्म वाजतो. ड्रायव्हरला खाली उतरवून लांब उभं करा आणि ट्रक पुन्हा मोजा, एवढ्याने शेवटचं कारण निकालात निघतं. खरा निघाला तर ट्रक परत पाठवू नका. परत पाठवलेला ट्रक मीटर नसलेल्या गेटवर जातो. तो बाजूला उभा करा, भोवती दोरी लावा, नियामक मंडळाला आणि पोलिसांना कळवा. गोल किंवा दंडगोल, आकाराच्या मानाने फार जड, तीन पात्यांची खूण किंवा लाल त्रिकोणात कवटी आणि पळता माणूस असलेली वस्तू गॅस कटरखाली धरायची नाही.

विकणाऱ्याकडे मात्र सगळ्यात सोपं काम आहे. सोर्सची खरेदी ई-लोराच्या (नियामक मंडळाच्या ऑनलाइन परवाना प्रणालीच्या) परवान्यानेच होते, म्हणजे कुठला सोर्स कुठल्या मशीनवर आहे याची नोंद असते. मशीन लिलावाच्या यादीत चढवण्याआधी ती नोंद काढायची, सोर्स होल्डरवरचा अनुक्रमांक प्रत्यक्ष वाचून जुळवायचा आणि सोर्स पुरवठादाराकडे किंवा ठरवून दिलेल्या ठिकाणी परत पाठवायचा. सीझियमचं अर्धायुष्य तीस वर्षांचं आहे. १९९५ साली बसवलेल्या गेजमध्ये आज जवळपास निम्मा सोर्स शिल्लक आहे. सोर्स मिळाल्याची पावती हाती आल्यावर रिकामं हाउसिंग पुन्हा मीटरने तपासायचं, त्यावरच्या किरणोत्साराच्या खुणा काढायच्या आणि मगच ते भंगारवाल्याच्या काट्यावर जाऊ द्यायचं.